पायांचा दोर कापणारी

तासबुलाक गावात मूल थोडं उशिरा चालायला लागलं तरी चालायचं, पण ते कुल्झिपाआजीसारखं चाललं पाहिजे, असा आयांचा हट्ट असे. मूल उभं राहू लागलं की त्याच्या पायांना काळापांढरा दोर सैलसर बांधायचा, त्याला पांढऱ्या कापडावर उभं करायचं आणि एखाद्या चटपटीत बाईकडून तो दोर कापून घ्यायचा. कापणारीची चाल मुलाच्या पायांत उतरते. कुल्झिपा घोडीचं दूध काढायला निघाली की कुत्रीसुद्धा मागे पडत. निम्म्या गावाचे दोर तिने कापले होते. निम्मं गाव तिच्याच पायांनी चालतं, असं लोक म्हणत आणि ती ऐकू न आल्यासारखं करी, म्हणजे पुन्हा ऐकायला मिळावं.

जानेवारीत ती कोळशाच्या खोपटापुढे बर्फावरून घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण अर्धा तास ती तिथे उताणी पडून होती. हाक मारायला जावं तर तोंडातून नुसती वाफ निघे. मुलगा दुलात गुरांना चारा घालून परतला तेव्हा त्याला ती दिसली आणि वाटलं, आई गेली. पन्नाशीतल्या त्या आडदांड माणसाचं तेव्हा जे धाबं दणाणलं ते कायमचंच.

"आई, तू उठायचं नाहीस. काय हवं ते सांग, हातात आणून देतो."

आणि त्याने दिलंही. चहा हातात, औषध हातात, शालसुद्धा हातात. कुल्झिपालाही ते बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोला. अंगणात तर ती पाऊलही टाकत नसे. घरातसुद्धा ती भिंतीला धरून चाले. सगळे खाली गालिच्यावर बसून जेवत आणि घरातली सर्वांत मोठी बाई मानाची जागा सोडून, मांडीवर ताटली घेऊन, सोफ्यावर बसे. खाली बसलं तर उठणार कसं?

फेब्रुवारीत गावातल्या दोन मुलांचे दोर कापले गेले. तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही. बोलावणं आलं नाही, एवढंच.

नातू रेल्वेत, सदा बाहेरगावी. त्याची बायको टोगझान आणि दहा महिन्यांची इंजू घरी. इंजू सोफ्याची कड धरून उभी राहू लागली तशी टोगझान म्हणाली, "आजी, हिचा दोर तुम्हीच कापायचा."

"वेड लागलंय का तुला? पोरगी जन्मभर आपटत फिरेल. शाळेतल्या व्यायामाच्या बाईंना सांगतोय दुलात. त्या म्हणे जिल्ह्यात पहिल्या आलेल्या धावण्यात."

म्हणाली खरी, पण लगेच तिने तोंड फिरवलं. पणतीचा दोर परकी बाई कापणार, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातली नर्स राबिगा रक्तदाब तपासायला आली. ती डॉक्टर नव्हती, पण गावाला डॉक्टर तीच. पट्टा सोडवत ती म्हणाली, "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा."

"मी काय सर्कशीत आहे?"

उठता काही आलं नाही. राबिगाने सांगितलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात या. तोल सावरायचे व्यायाम घेते मी. सहा म्हातारे येतात."

"पडलेल्या माणसाला चालायला लावून बरं करतेस? मग बुडालेल्याला काय पाण्यात टाकतेस?"

"पोहायला शिकवायचं असलं तर टाकतेच."

दुलात नको म्हणत होता. टोगझानने तो गुरांकडे जायची वेळ साधली, इंजूला कडेवर घेतलं, आजीचा हात धरला आणि निघाली.

दवाखान्याच्या बोळात फरशीवर निळी रेघ मारलेली होती. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत त्या रेघेवरून चालायचं. कुल्झिपाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ सारसेनबाय, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, बाकावर बसून मजा बघत होता.

"काय वहिनी, लग्नात नवरी होतात तेव्हासुद्धा यापेक्षा भराभर आला होतात!"

"भावोजी, तुम्ही नांगरलेलं शेत बघितलंय मी. रेघ सरळ कशी असते हे आधी स्वतः शिका."

असं सुरू झालं. खुर्चीतून पाचदा उठायचं, पाचदा बसायचं. घरी चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग नुसतं बोट टेकवून. मार्च सरता सरता चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नसे, ती एका पायावर उभीच. टोगझान हसे आणि ओटा पुसून काढी.

एप्रिलच्या एका शुक्रवारी राबिगाने जमिनीवर गादी टाकली. "आता यावर झोपायचं आणि आपलं आपण उठायचं."

कुल्झिपा दाराकडे वळली. "टोगझान, मला घरी ने."

राबिगाने आग्रह केला नाही. ती स्वतःच गादीवर बसली आणि खालून वर बघत म्हणाली, "आजी, तुम्हाला पडायची भीती नाही. पडून राहायची आहे. त्या अर्ध्या तासाची."

जानेवारीपासून एक टिपूस न गाळलेली म्हातारी तिथे सगळ्यांसमोर रडली. नाक पुसलं आणि खुर्ची धरून हळूहळू खाली गेली. राबिगा सांगत गेली: कुशीवर वळा, कोपर रोवा, आता दोन्ही हात आणि गुडघे, मूल रांगतं तसं. बळकट पाय पुढे, पाऊल पूर्ण टेकलेलं. खुर्ची धरा आणि वर. पहिल्या खेपेला इतका वेळ लागला, की राबिगाची पुढची रोगी आली आणि थांबून बघत राहिली. सारसेनबाय एक अक्षर बोलला नाही. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं.

तीन आठवड्यांत खुर्ची सुटली. स्वतःच्याच गुडघ्यावर हात रोवून ती उठू लागली. मग तिने दुलातला सांगितलं, "दोर मी कापणार."

"आणि सगळ्यांसमोर पडलीस तर?"

"तर पडेन."

"आई, लोकांचं सोड." त्याने तिचा हात धरला. "मी तुला एकदा मेलेली बघितलंय. पुन्हा नाही बघवणार मला."

"मग जरा जिवंत बघ की! पाच महिने सोफ्यावरचं गाठोडंच तर बघतोयस."

दुलातने मान डोलावली. त्याने व्यायामाच्या बाईंना बोलावलं मात्र, हाताशी असाव्यात म्हणून.

अंगण माणसांनी भरलं होतं. बाउरसाकांची, तळलेल्या कणकेच्या फुगीर तुकड्यांची, परात फिरत होती. टोगझानने इंजूला पांढऱ्या कापडावर उभं करून काखांखाली धरलं होतं. कुल्झिपा कात्री घेऊन निघाली, एकटी. दुलात दोन पावलं मागे चालत होता, हात पाठीशी घट्ट बांधून. कापडाशी ती थांबली, एक गुडघा टेकवला, मग दुसरा. दोर कचकन तुटला. बायकांनी मुठीमुठीने गोड गोळ्या उधळल्या आणि पोरं वेचायला धावली.

ती उठू लागली, तोच टाचेखाली कापडाची घडी आली आणि म्हातारी सगळ्या गावादेखत बदकन बुडावर बसली.

गोळ्या वेचणारी पोरंसुद्धा थांबली. मागून कोण्या म्हातारीचं ऐकू आलं, "अगं बाई! पोरीच्या पायात हेच उतरलं की!"

दुलात धावला.

"थांब तिथेच!" कुल्झिपा ओरडली. "कुणी हात लावायचा नाही."

ती कुशीवर वळली. हात, गुडघे. डोक्यावरचा रुमाल सरकला, तो सरळ करायला थांबली, आणि तेवढ्यानेच दोनतीन जणी हसल्या. पाय पुढे आला. गुडघ्यावर हात रोवून ती उभी राहिली, लालभडक, धापा टाकत.

टोगझान त्या म्हातारीकडे वळली. "उतरू दे ना, आजी. पडायला कुणी शिकवावं लागत नाही, आमची दिवसातून वीसदा पडते. उठणं मात्र घरचं मिळालं तिला."

दुलात तोंडावर हात धरून उभा होता. खांदे हलत होते. कुल्झिपाने त्याच्याकडे पाहिलं, इंजूचा एक हात धरला, दुसरा टोगझानने धरला आणि तिघी कापडाच्या टोकापर्यंत चालत गेल्या.

जेवणं सुरू असताना पलीकडच्या गल्लीतली शोल्पान जवळ आली. तिच्या मुलाला नुकतं वर्ष झालं होतं.

"आजी, आमचासुद्धा उभा राहतोय. पुढच्या शनिवारी ठरवलंय. याल ना?"

कुल्झिपाने हातातला घास परत ताटलीत ठेवला. पण पडले तरी नाक वर, ही तिची जातच.

"येईन की," ती म्हणाली. "माझ्यासाठी खुर्ची मात्र मांडू नका. एकदा बसले की ही माणसं मला उठू देत नाहीत."