भुकूमच्या चौकातली करिष्मा

"सर, तुमची स्वतःची मुलगी कुठं शिकते?"

प्रश्न करिष्माचा नव्हताच. पिरंगुटच्या मंगल कार्यालयात, परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यात, मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणीने, सोनालीने, पैज लावली होती. "विचारून दाखव. विचारलंस तर मिसळ माझ्याकडून." आणि पैज म्हटलं की करिष्माच्या अंगात वारं भरायचं. दहावीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणताना जिचा आवाज फुटायचा नाही, ती पोरगी अकरावीत एकदा वक्तृत्व स्पर्धा जिंकली आणि अशी काही सुटली, की आता बाईच हात जोडून म्हणायच्या, "करिष्मा, बस आता खाली."

स्टेजवर परदेशी कॉलेजांत पोरं पाठवणारे दयानंद सर होते. टाय सारखा करत ते म्हणाले, "माझी मुलगी ना? ती... कोथरूडला. बी.कॉम.ला आहे. तिला घर सोडून करमत नाही हो."

सगळा हॉल हसला. सोनाली तर खुर्चीवरून घसरली. करिष्माही हसली, पण पुढच्या रांगेतून पप्पांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, वळून तिच्याकडे असं बघितलं, की ती पटकन खाली बसली.

कारण बापूसाहेबांनी फ्लेक्स लावला होता.

झालं होतं असं, की दयानंद सरांच्या एका कॉलेजकडून पत्र आलं. बारावीला अमुक टक्के पडले, फी भरली, तर प्रवेश मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. बापूसाहेबांनी त्यातला 'तर' ऐकलाच नाही. त्यांच्या लेखी सुपारी फुटली की लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी भुकूमच्या चौकात, डेअरीसमोर, एवढा मोठा फ्लेक्स झळकला. 'परदेशी विद्यापीठात निवड झाल्याबद्दल करिष्माताईंचे हार्दिक अभिनंदन!' मागे पॅरिसचा मनोरा; कॉलेज मात्र भलत्याच देशात. विमान करिष्माच्या कानातून निघाल्यासारखं. खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांची रांग, त्यांतले निम्मे तिने जन्मात पाहिले नव्हते.

पहिले दोन दिवस तिला आभाळ ठेंगणं झालं. फ्लेक्सखाली उभं राहून तिने सेल्फी काढले. मग सुरू झालं.

"काय करिष्मा, कधी उडायचं?" डेअरीवाला.

"अजून हितंच व्हय गं तू?" रिक्षावाला.

शेजारची गंगूबाई ओटी भरून गेली. आत्याने कुठला फोन पाठवायचा ते सांगून टाकलं. कॉलेजात शाल मिळाली, तालमीत शाल मिळाली, आणि प्रत्येक शालीबरोबर एक नारळ. मम्मीने चटणीत घातले, आमटीत घातले, वड्या केल्या, तरी नारळ हटेनात. शेवटी करिष्मा चौक सोडून ओढ्याकडच्या वाटेने बस पकडायला जाऊ लागली. गावाला नव्हे, स्वतःच्याच तोंडाला चुकवत.

वरच्या मजल्यावर मेधाताई भाड्याने राहायची. जर्मनीत शिकून आलेली, आता हिंजवडीला नोकरी. तिला करिष्माने पत्र दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अगं, एवढी फी? मी शिकले ते सरकारी विद्यापीठ. फी नावापुरती. राहण्याखाण्याचा खर्च मात्र आपला."

"मग मी तितंच जाते की!"

"घाई नको. आधी भाषा. बारावीनंतर एक वर्ष इथं कॉलेज, मग तिथं पुन्हा तयारीचं वर्ष. आणि गेल्यावर फार एकटं वाटतं हं. रविवारी दुकानं बंद असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिला रविवार मेतकूट चाटून काढला. सोमवारी ब्रेड मागितला त्यांच्या भाषेत, आणि काउंटरवरच्या बाईला कळलं! दुकानातच रडले मी."

त्या दिवसापासून करिष्माच्या डोक्यात दोन वाटा भांडत होत्या. एक स्वस्त, पण लांबची. दुसरी लगेचची, पण तिची किंमत ओढ्याकडचं वावर; ते विकल्याशिवाय फी उभी राहणार नव्हती. घरचं एवढंच वावर उरलं होतं. बाकीच्यावर केव्हाच बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या.

मेळाव्यातून परतताना गाडीवर बापूसाहेब एकदम म्हणाले, "चारचौघांत असलं इचारतात व्हय? सर काय म्हनतील?"

"पप्पा, त्यांचीच पोरगी कोथरूडला हाय."

"असंल. तिचा फ्लेक्स न्हाई लागला. तुझा लागलाय."

चौकात गाडी हळू झाली, आणि वरची करिष्मा खालच्या करिष्माकडे बघून दात काढत राहिली.

घरी आले तर मागच्या, ओढ्याकडच्या वावरात बिल्डरची दोन माणसं टेप धरून उभी. मम्मी खळ्यावर भात झोडपत होती. तिने मान वर केली नाही.

"करिष्मा, ह्यातला इंद्रायणी तुझ्यासाठी बाजूला काढलाय बघ. तिकडं असला वास न्हाई मिळायचा."

"आन् पुढच्या साली, मम्मी?"

"पुढच्या साली..." तिने टेपवाल्यांकडे बघितलं. "पुढच्या साली इकत आनू की. सगळी दुनिया खाती इकतचा."

करिष्माने दाराआडचा विळा घेतला आणि निघाली. भर दुपारी, चौकातून, सगळ्यांच्या देखत. डेअरीवाला ओरडला, "अगं, काय करतीस?" ती खांबावर चढली आणि दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धाडकन खाली आला. त्याची गुंडाळी खांद्यावर टाकून, लोंबणारं टोक सांभाळत, आज ओढ्याच्या वाटेने न जाता सरळ रस्त्याने ती घरी आली.

खळ्यावर भाताची रास होती. रात्री दव पडतं, म्हणून मम्मी गोणपाट शोधत होती. करिष्माने फ्लेक्स उलगडला. मनोरा, विमान, गॉगलवाले, सगळं पालथं घातलं. पांढरी बाजू वर आली. मम्मीने न विचारता दुसरं टोक धरलं.

बापूसाहेब बाहेर आले. बघत राहिले. टेपवालेही बघत राहिले. वाऱ्याने एक कोपरा फडफडून उचलला, आतून करिष्माचा अर्धा चेहरा दिसला. बापूसाहेब वाकले. एक दगड उचलून त्यांनी त्या कोपऱ्यावर ठेवला. हात जरा वेळ दगडावरच राहिला.

"पप्पा," करिष्मा म्हणाली. आवाज कापला, पण फुटला. "मी बारावी झाल्यावर लगेच जात न्हाई. वावर द्यायचं न्हाई. पौडला कॉलेज करते, मेधाताईकडं जर्मन शिकते. मग वर्षानं जाईन, सरकारी विद्यापीठात. जमलं तर. तवा फ्लेक्स नका लावू. नुस्तं सोडायला या."