दंडाच्या मुसुबी

लाट उठली, मापुने जोर लावून हात मारले, सर्फबोर्डाचं टोक खाली झुकलं, पाण्याखालचा खडक लख्ख दिसला, आणि

एवढंच. मापुने बोर्ड मागे खेचला. लाट तिच्याशिवाय पुढे गेली. गोल, पोकळ, रिकामी.

"मुसुबीऽऽ!" पाण्यात बसलेले सगळे ओरडले.

वायनाए गावच्या किनाऱ्यावरल्या त्या खडकावरचा हा कायदा. लाट कुणाची ते हाउनानी आंटी ठरवते. तिने नाव पुकारलं की बाकीचे हात आवरतात. आणि जिचं नाव पुकारलं तिनेच ऐन वेळी माघार घेतली, तर सोन्यासारखी लाट फुकट घालवली म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मुसुबी आणायची. भाताची वडी, वर डब्यातल्या मांसाचा खरपूस काप, भोवती सुक्या शेवाळाची पट्टी.

या हिवाळ्यात अख्खा खडक मापुच्या जिवावर जेवला.

"घाबरत राहा गं," त्यांच्यातलाच काइपो म्हणायचा. "लग्न झाल्यापासून इतकं चांगलं खाल्लं नव्हतं मी."

तशी मापु काही भित्री नव्हती. शाळेची बस चालवायची, आणि पर्यटकांच्या गाड्यांमधून ती अशी काढायची की मागची पोरं टाळ्या पिटायची. साध्या लाटांवर तर ती लहानपणापासून होती. अडायचं फक्त नळीपाशी. लाट डोक्यावरून वळून पुढे कोसळते, आत माणूस मावेल एवढी पोकळी होते; तिच्यात राहायचं आणि ती मिटायच्या आत बाहेर यायचं. आत शिरायच्या क्षणी मापुच्या डोळ्यांपुढे यायची ती मिटलेलीच नळी.

लाट उठली, मापुने हात मारले, या खेपेला उठून उभीसुद्धा राहिली, आणि

"मुसुबीऽऽ!"

असंच चाललं असतं वर्षानुवर्षं. पण आंटी निघाली होती. लेक आणि नातवंडं लास वेगासला. आंटीही आता तिकडेच कायमची. मापुच्या आईची ही धाकटी बहीण. मापुला पहिल्यांदा बोर्डावर पोटावर झोपवून लाटेत ढकललं ते हिनेच.

"वाळवंटात चाललेय मी," ती म्हणाली होती. "तिथली लाट हॉटेलातली, तिकीट काढून बघायची. जायच्या आधी तुला एकदा नळीतून बाहेर येताना बघू दे. दुसरं काही देऊ नकोस."

आज संध्याकाळचं विमान होतं. म्हणजे उरली ती हीच सकाळ.

किनाऱ्यावर गाडीतून बोर्ड उतरवताना आंटीला मापुची पिशवी दिसली.

"यात काय?"

"काही नाही गं."

आंटीने डबा उघडला. मुसुबी. अजून गरम.

"काल तर समुद्र सपाट होता. काल कसली माघार?"

मापु बोर्डाला मेण लावत राहिली.

"अगं बये! आजचा दंड आजच? पाण्यात उतरायच्या आधी?"

"उद्या तू नसशील," मापु खाली बघत म्हणाली. "म्हटलं, तुझ्या वाट्याची राहायला नको."

आंटीने डबा उचलून घेतला. मग तिने खड्या आवाजात हाक मारली. "काइपो! सगळ्यांना बोलव. खाऊन घ्या."

"म्हणजे दंड आधीच फिटला?" काइपो तोंड भरून म्हणाला. "मग हिला आज एक लाट सोडायची मुभा!"

"दंड कसला? हा माझ्या निरोपाचा नाश्ता." आंटीने रिकामा डबा मापुच्या हातात ठेवला. "आता सोडलीस लाट, तर दंड उद्या. आणि उद्या मी नाही खायला. नळीत शिरलीस की नजर पुढच्या उजेडावर ठेव. डोळे जातात तिकडे पाय जातात."

सगळे बोर्ड घेऊन पाण्यात उतरले. मग क्षितिजावर एक काळी रेघ जाड झाली.

"मापुआनाऽऽ!" आंटीने मापुचं पूर्ण नाव पुकारलं.

लाट उठली, मापुने हात मारले, टोक झुकलं, खडक लख्ख दिसला, आणि मापु उठली, आणि लाट डोक्यावरून वळली, आणि आवाज एकदम दबला जसा बसचं दार बंद झाल्यावर दबतो, आणि हिरवं पाणी इतकं जवळ की बोटं टेकली, आणि पुढचा उजेड लहान झाला, आणखी लहान, बशीएवढा, आणि तिने बशीवरून नजर काढली नाही, आणि बशीचं ताट झालं, ताटाचं दार झालं, आणि तोंडावर फवारा, आणि ऊन, आणि ती उभी!

पोरंबाळं, म्हातारे, सगळा खडक बोंबलत सुटला. आंटी दोन्ही हात वर करून रडत होती, हसत होती, आणि तिच्या पाठीमागून पुढची लाट आली. तिची स्वतःची. सगळ्यांनी तिच्यासाठीच सोडलेली. तिला ती दिसलीच नाही. गोल, पोकळ, रिकामी निघून गेली.

सगळ्यांच्या माना आंटीकडे वळल्या.

"मुसुबी?" काइपोने हळूच विचारलं.

"मुसुबीऽऽ!"

"अरे मेल्यांनो, संध्याकाळी विमान आहे माझं!"

"संध्याकाळी ना?" मापु धापा टाकत तिच्याजवळ आली. "मग भात मी लावते. वड्या तू थाप."