दिवाणजींचा पाय

मोठ्याबाईंचे पणजोबा बिथरलेले घोडे वठणीवर आणीत. आजोबा गुरांची निखळलेली हाडे हाताने बसवीत. आणि वडील तर रीतसर पदवी घेतलेले जनावरांचे डॉक्टर. गोठ्याबाहेर उभे राहून, आतल्या म्हशीचे नुसते रेकणे ऐकून त्यांनी दुखणे ओळखल्याची कथा घरात दर सहा महिन्यांनी सांगितली जाई. अशा तीन पिढ्यांच्या पाठोपाठ मोठ्याबाई जन्मल्या. त्यांनी जन्मभर हातात धरला तो खडू; पण ज्ञान रक्तातून उतरते, त्याला हात लावावा लागत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. खाण तशी माती, असे त्या अभिमानाने म्हणत. यातली माती कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

चोवीस वर्षे त्या मुख्याध्यापिका होत्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना एक छंद जडला, आणि निवृत्तीनंतर हाताखाली माणसे उरली नाहीत तेव्हा तो छंद पूर्ण वेळचा झाला. समुद्राकाठच्या रस्त्याने लहानलहान प्राणिबागा होत्या. एकीत ससे आणि बदके, दुसरीत दोन शहामृगे आणि एक कायम रुसलेला उंट. तिसरीत शेळीचे दूध आपणच काढायचे आणि काढण्याचे पैसेही आपणच द्यायचे. मोठ्याबाई या बागा पाहायला जात नसत, तपासायला जात. पाण्याच्या टाकीत बोट बुडवून पाहत, गवत हुंगत, काठीने कुंपण ठोकत आणि निघताना अभिप्रायवही मागत. एका ससेवाल्याने तर दोन वह्या ठेवल्या होत्या, एक जगासाठी आणि एक मोठ्याबाईंसाठी. हे त्यांच्या कानावर आले होते आणि त्यांनी तो आपला सन्मान मानला होता.

या सगळ्या कामगिरीत त्यांना सर्वांत प्रिय होती ती आठ वर्षांपूर्वीची. वाळूच्या टेकड्यांआड असलेल्या एका बागेत दिवाणजी नावाचे एक गाढव पुढचा उजवा पाय आखडून लंगडत होते. मोठ्याबाईंनी ते वीस पावलांवरून पाहिले, वडिलांप्रमाणेच उभ्या जागी निदान केले आणि वहीत लिहिले की हे जनावर जन्माचे अधू केले गेले असून येथे मुलांना आणणे म्हणजे त्यांना निर्दयतेचा पहिला धडा देणे होय. तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर पुढचे काही घडले नसते. पण त्यांनी हाच मजकूर शाळेच्या शिक्क्यानिशी पंचक्रोशीतल्या आठ शाळांना धाडला आणि नववी प्रत आपल्याच शाळेच्या फलकावर लावली. त्या वर्षीपासून नऊही शाळांच्या सहली त्या बागेकडे फिरकल्या नाहीत. ही गोष्ट त्या लग्नकार्यात, बारशात आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात कापूस असतानाही, सांगत आल्या होत्या.

यंदाच्या फेरीला गाडी चालवायला नात होती. नात विशीची, बोलण्यात आपल्या आजोबांवर गेलेली, म्हणजे कमी बोले, पण वर्मी बोले. दोन बागांचा निकाल लावून झाल्यावर तिला चहा हवासा वाटला, आणि पहिला फलक दिसला तो टेकड्यांआडच्या बागेचा.

ही बाग आतापर्यंत बंद पडली असेल, असे मोठ्याबाईंनी समाधानाने सांगितले. ती बंद पडली नव्हती, पण त्या वाटेवर होती. खुराडी रिकामी होती, बदकांच्या तळ्यात पाण्याऐवजी वाळू होती, आणि तिकिटाच्या खिडकीत कोणी नव्हते. कुंपणापलीकडे मात्र एक म्हातारे गाढव उभे होते. मोठ्याबाईंच्या हातातली पिशवी पाहताच ते जागचे हलले आणि उजवा पाय आखडत, मान दर पावलाला खाली टाकत, लंगडत त्यांच्याकडे येऊ लागले.

मोठ्याबाईंनी नातीकडे पाहिले. आठ वर्षांनीसुद्धा तोच पाय. त्यांच्या चेहऱ्यावर करुणा होती, हे खरे. पण तिच्याखाली विजय नीटनेटका अंथरलेला होता. त्यांनी काठी नातीकडे दिली, कुंपणाचे दार उघडले आणि आजोबांचे स्मरण करून दिवाणजींचा पाय स्वतः तपासायला घेतला. पाय उचलेपर्यंत सारे ठीक होते. मग दिवाणजींनी तो पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि अंगाचा उरलेला भारही विश्वासाने त्यांच्यावर टाकला. पासष्ट वर्षांच्या मोठ्याबाई अर्ध्या बसल्या, अर्ध्या वाकल्या, अशा अवस्थेत अडकल्या. ना पाय सोडता येईना, ना उभे राहता येईना.

"अडला हरी," नात म्हणाली आणि पुढचे शब्द तिने आजीच्या वयाकडे पाहून गिळले.

तेवढ्यात मागच्या छपरीत कोणीतरी बादली वाजवली. दिवाणजींनी पाय काढून घेतला, कान टवकारले आणि चारही पायांवर, एखाद्या शर्यतीच्या घोड्याने मान खाली घालावी अशा डौलात, छपरीकडे धाव घेतली. अर्ध्या वाटेवर त्यांना आपल्या दुखण्याची आठवण झाली असावी. ते थबकले आणि तिथून पुढे पुन्हा लंगडू लागले; या वेळी डाव्या पायाने.

"आजी, मघाशी उजवा होता ना?"

दुखणे कधीकधी सरकते, असे मोठ्याबाई म्हणाल्या. बोलताना स्वतःच्याच आवाजाने त्या जरा दचकल्या.

बादली घेऊन आला तो बागेचा मालक. जन्मभर दीपगृहावर राखणदारी केलेला, दूरवर पाहायची सवय असल्यामुळे जवळच्या माणसाकडेही क्षितिजासारखा पाहणारा. त्याने मोठ्याबाईंना लगेच ओळखले, नमस्कार केला आणि बसायला बाक पुसून दिला. त्याच्या वागण्यात राग नव्हता. आणि तेच मोठ्याबाईंना अधिक टोचले. रागावलेल्या माणसाला कसे गप्प करावे हे त्यांना ठाऊक होते.

नातीने गाढवाच्या पायाचे विचारले तेव्हा राखणदाराने सगळे सांगितले. दिवाणजी शिंगरू असताना पायात तार घुसली होती. राखणदाराची बायको मलमपट्टी करी आणि प्रत्येक लंगड्या पावलाला कौतुकाने एकेक गाजर देई. जखम पंधरा दिवसांत भरली. गाजराची आशा भरली नाही. पुढे बायको वारली, पण पिशवीवाली बाई दिसली की दिवाणजी अजूनही लंगडतात. मुलांना ही गंमत फार आवडे. ती दोन्ही बाजूंना उभी राहून त्यांना पाय बदलायला लावत.

मग हे आठ वर्षांपूर्वीच का सांगितले नाही, असे मोठ्याबाईंनी विचारले. त्यांना वाटले होते त्यापेक्षा हा प्रश्न बराच बारीक आवाजात बाहेर पडला.

"सांगितलं होतं, बाई. तुम्ही म्हणालात, माझे पणजोबा घोडे वठणीवर आणायचे, मला शिकवू नका. मग मी पत्र लिहिलं. तुमचं उत्तरही आलं."

ते उत्तर म्हणजे त्याचेच पत्र होते. अकरा चुकांवर लाल खुणा आणि तळाशी 'मुद्देसूद लिहावे' असा शेरा. मोठ्याबाईंना ती शाई आठवली. मजकूर काही केल्या आठवेना, कारण तो त्यांनी वाचलाच नव्हता. त्यांनी तो तपासला होता.

बाग महिनाअखेरीस बंद होणार होती. शाळांच्या सहलींवरच ती उभी होती. आठ वर्षे राखणदाराने पेन्शन घालून ओढली, आता ओढवत नव्हते. ससे आणि बदके लोकांनी नेली. दिवाणजींना मात्र कोणी घेईना. लंगड्या गाढवाला कोण घेणार? आणि हा लंगडा नाही असे सांगावे, तर गिऱ्हाईक दिसताच तो लंगडून दाखवतो.

"कोणीच नेलं नाही तर?" नातीने विचारले.

राखणदार समुद्राकडे पाहत राहिला. म्हातारे जनावर रस्त्यावर सोडवत नाही, शेवटच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरला बोलवावे लागेल, असे तो म्हणाला. यंदाची सहलींची वेळापत्रके याच पंधरवड्यात ठरतात, हेही त्याने सांगितले. मागणी म्हणून नव्हे, हवामान सांगावे तसे. शेवटी म्हणाला, झाले ते झाले, बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मोठ्याबाईंना आयुष्यात पुष्कळांनी घाबरून माफ केले होते. असे कोणी केले नव्हते. त्या अभिप्रायवही न मागता गाडीत जाऊन बसल्या.

घरी आल्यावर त्या रात्री जेवल्या नाहीत, तर लिहायला बसल्या. तीन पानांचे खुलासापत्र झाले. 'तत्कालीन परिस्थितीत', 'उपलब्ध लक्षणांवरून', 'सद्हेतूने' असे भारदस्त शब्द त्यात खच्चून भरले होते. नातीने ते शांतपणे वाचले आणि परत दिले.

"आजी, यात चूक गाढवाची दिसते."

मोठ्याबाईंनी कागद फाडले. सकाळी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि नातीला गाडी काढायला सांगितले. पत्राने केलेले नुकसान पत्राने भरून येत नाही, ते पायांनीच भरावे लागते, असे त्यांनी ठरवले होते. पाय त्यांचे दुखत होते. दोन्ही, आणि खरोखरीचे.

चार दिवसांत आठ शाळा झाल्या. प्रत्येक ठिकाणी त्या मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहून म्हणत की मी लिहिले ते खोटे होते, मी जनावर तपासले नव्हते, आणि मालकाने सांगितले ते ऐकले नव्हते. तीन शाळांत ते पत्र कोणाला आठवतच नव्हते. तिथे आधी स्वतःचा मूर्खपणा सविस्तर सांगून मग तो मागे घ्यावा लागला. ज्या पत्राचा डंका त्यांनी आठ वर्षे पिटला ते दप्तरातही सापडू नये, याचे दुःख त्यांना मूळ चुकीइतकेच झाले, हे त्यांनी नातीलाही सांगितले नाही. सगळ्यांनी पाणी दिले, खुर्ची दिली आणि शेवटी एकच विचारले, तुमच्या शाळेचे काय ठरले? मोठी शाळा जाणार असेल तर आम्हीही पाठवू.

म्हणजे आठही शाळांचे गाडे नवव्या शाळेत अडले होते. आणि मोठ्याबाईंनी ती मुद्दामच शेवटी ठेवली होती.

त्यांच्या खुर्चीत आता बसत होती त्यांच्याच हाताखालची एक शिक्षिका. नव्याने लागली तेव्हा मोठ्याबाईंच्या शेऱ्यांपायी तिने शिक्षकखोलीत दोनदा तरी डोळे पुसले होते. मोठ्याबाई आत येताच ती उठून उभी राहिली. चोवीस वर्षांची सवय. मोठ्याबाईही खुर्चीच्या दिशेने दोन पावले गेल्या आणि मग सावरून पाहुण्यांच्या बाकावर बसल्या.

त्यांचे सारे बोलणे तिने ऐकून घेतले.

"मोठ्याबाई, ती पत्रं माझ्या हातची होती. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते. मी विचारलंही होतं, डॉक्टरला दाखवलंय का? तुम्ही म्हणालात, डॉक्टर माझ्या रक्तात आहे."

मोठ्याबाईंनी होय म्हणून मान हलवली.

"पत्र शाळेच्या शिक्क्याने गेलं. परत घ्यायचं तर शाळेसमोरच घ्यावं. माझ्या खोलीत नको."

हा न्याय मोठ्याबाईंनीच तिला शिकवला होता, आणि तो आपल्यावर चालवला जात असतानाही त्यात एकही खोट सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर त्या चारशे मुलांपुढे उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी पाठ केले होते. "मुलांनो, विनय हा ज्ञानाचा अलंकार आहे," इथपर्यंत ते चालले. मग पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने हात वर केला आणि विचारले की ते गाढव लंगडायचे म्हणजे नक्की कसे?

मोठ्याबाई थांबल्या. शब्दांत सांगता येण्यासारखे ते नव्हते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, उजवा पाय आखडला, मान खाली टाकली आणि व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत गेल्या. मधोमध थबकल्या, आठवल्यासारखे केले, आणि डावा पाय आखडून परत आल्या. क्षणभर कोणी हसले नाही. मोठ्याबाईंसमोर हसण्याची त्या सभागृहाला सवयच नव्हती. मग शिपाई हसला, आणि पाठोपाठ चारशे मुले. तो हशा ओसरेपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत.

"त्याला काही झालं नव्हतं," हशा थांबल्यावर त्या म्हणाल्या. "ते मला कळलं नाही. त्याच्या धन्याने सांगितलं, ते मी ऐकलं नाही. चूक माझी. त्या बागेतलं जनावर चांगलं आहे आणि माणूस त्याहून चांगला आहे."

भाषणाचा उरलेला भाग त्यांनी सोडून दिला.

मुख्याध्यापिकेने तिथेच जाहीर केले की शाळेच्या दोन बस पुढच्या बुधवारी निघतील. खोलीत जाऊन तिने एकेक करून आठही शाळांना फोन लावला; दुपारी डबे उघडेपर्यंत आठही तारखा कागदावर आल्या. मग तिने बागेचा क्रमांक फिरवून फोन मोठ्याबाईंच्या हातात दिला.

पलीकडून आधी वाऱ्याचा आवाज आला, मग राखणदाराचा. मोठ्याबाईंनी नऊ शाळा आणि नऊ तारखा सावकाश वाचून दाखवल्या. तो लिहून घेत असावा. मध्येमध्ये थांबा म्हणत होता आणि त्या थांबत होत्या. यादी संपल्यावर त्यांनी विचारले की आता माझ्याकडे तुमचे काही राहिले का.



"काही नाही, बाई," राखणदार म्हणाला. "सगळं फिटलं."