दुसऱ्या काठाच्या दशा

नागाप्पांनी घोंगडं मागावरून उतरवलं, एका काठाला लोंबणाऱ्या मोकळ्या धाग्यांना, दशांना, पीळ देऊन गाठी मारल्या आणि चहाला उठताना ते कोसळले. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून गडहिंग्लजच्या घरी आले, तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता, "न्हाय." पाणी हवं असलं तरी "न्हाय", नको असलं तरी "न्हाय".

घोंगडं गावातल्या जोतीरामनं विणायला सांगितलं होतं. त्याच्या लेकीच्या लग्नात देवापुढं अंथरायचं. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि दुसऱ्या काठाच्या दशा तशाच लोंबत होत्या. हात लागेल तसा एकेक आडवा धागा सुटत होता. शिवलीलानं चाळीस वर्षं लोकर पिंजली, सूत कातलं, पण काठाला नवऱ्यानं तिला कधी हात लावू दिला नव्हता.

तिनं घोंगडं त्यांच्या मांडीवर पसरलं. चार धागे धरून पीळ दिला.

"असंच न्हवं?"

"न्हाय."

"मग उलटा पीळ?"

"न्हाय."

"म्हंजे पयलंच बरोबर व्हतं?"

"न्हाय!" ते डावा हात मांडीवर आपटत राहिले.

गाठ बसते कशी ते बघायला तिनं त्यांनी बांधून ठेवलेल्या काठाची एक गाठ सुईनं सोडवली. परत बांधायला गेली तर ती फुगीर झाली, वाकडी. शेजारच्या साऱ्या गाठी जोंधळ्याच्या दाण्यासारख्या. नागाप्पांनी त्या जागेवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"चुकलं की माझं," ती म्हणाली. "चुकलं."

रविवारी जोतीराम आला. काठ उलटसुलट करून बघितला. "वैनी, जिवाला लावून घिऊ नका. कबनूरला मेव्हणा हाय, मशीनवर टीप मारून घेतो. देवाला काय, चालतंय."

शिवलीलानं नवऱ्याला विचारलं, "देऊ न्हवं?"

"न्हाय."

नको म्हणतात की दे म्हणतात, तिला कळेना. जोतीराम घडी घालायला लागला, तसं नागाप्पांनी डाव्या मुठीत घोंगड्याचं टोक घट्ट धरलं. जोतीराम मान खाली घालून उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. शिवलीलानं त्यांचं एकेक बोट सोडवलं. एक सोडवावं तर आधीचं परत मिटायचं. शेवटी तिनं त्यांचा पंजा आपल्या हातात दाबून धरला आणि मानेनंच जोतीरामला 'ने' म्हणून खुणावलं.

मोटारसायकल गल्लीबाहेर गेली तरी ते दाराकडं बघत होते. तिनं पेज फुंकून गार केली, चमचा त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी तोंड उघडलं नाही.