करंगळीएवढं भोक

मोदेना शहराच्या बाजूला सून होऊन आल्यावर नीवेस पहिली गोष्ट शिकली ती ही, की तोर्तेल्लीनीला, नाताळात रश्शात शिजवायच्या त्या मांसभरल्या घड्यांना, भोक असतं. अंड्यात भिजवलेल्या पिठाची पातळ पोळी लाटायची, तिचे चौकोन कापायचे, मधे वाटलेल्या मांसाची चिमूटभर गोळी ठेवून त्रिकोणी घडी घालायची, आणि ती घडी करंगळीभोवती गुंडाळून टोकं दाबायची. करंगळी काढली की भोक उरतं. जिची करंगळी, तिचं भोक; दहाजणींचे एका ताटात मिसळले तरी गावातली प्रत्येक बाई आपले वेगळे काढून दाखवी.

नीवेसच्या माहेरी, शेजारच्या रोमान्यात, कापेल्लेत्ती करत. परक्याला दोन्ही सारखेच वाटतील. पण त्यांत मांस नाही, नुसतं चीज आणि जायफळ, आणि टोकं बोटाभोवती न गुंडाळता जवळ ओढून मिटलेली, बिनभोकाची, इवल्याशा टोपीसारखी. "तुमच्याकडच्या बायकांना घाई फार," सासूबाई, आर्जीया, पहिल्याच नाताळात म्हणाल्या होत्या, आणि नीवेसने वळलेले सगळे त्यांनी कोंबड्यांपुढे टाकले होते. त्यानंतर एकतीस वर्षं तिने आईचे कापेल्लेत्ती केले नव्हते.

सासूबाईंचा हात तर लांबूनही ओळखू येई. लहानपणी दारात चेंगरलेली त्यांची उजवी करंगळी वाळक्या शेंगेसारखी राहिली होती, आणि त्यांच्या तोर्तेल्लीनीतून काडेपेटीची काडी जेमतेम जाई. सप्टेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत पडून होत्या. बोलणं नाही, हात पांघरुणावर ठेवावेत तसेच पडून राहत.

"यंदा मी माझ्या आईचे करते," नीवेस नवऱ्याला म्हणाली. "एकदाच."

"कर की," ओरेस्ते म्हणाला. "आईला आता काय कळतंय?"

नाताळच्या आदल्या सकाळी शेजारची दीर्चे मदतीला आली. बाहेर धुकं इतकं, की अंगणातला नळही दिसत नव्हता.

"एकतीस वर्षांनी बंड! म्हातारी उठून लाटणं घालील हं डोक्यात."

"घालू दे. आधी उठू तर दे."

दोघी हसल्या, आणि मग हसल्याबद्दल ओशाळल्या. तासाभराने दीर्चेने ताटातला एक उचलला. "हे काय गं? हाताची सवय जाईना वाटतं?"

त्याला भोक होतं. बारीक. नीवेसने त्यात करंगळी घालून पाहिली. नखही गेलं नाही, पोळीच फाटली. आत गुलाबी मांस होतं. त्या दिवशी घरात मांस वाटलंच नव्हतं.

"तू केलास?"

"मी? माझी करंगळी बघ, गाजर आहे नुसतं!" दीर्चे म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. थोड्या वेळाने तिला घरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं, आणि ती एप्रन न सोडताच गेली.

नीवेस एकटीच वळत बसली. आता ती हातांवर नजर ठेवून होती. प्रत्येक टोपी मिटताना ती बोटांनी दोनदा दाबी. रश्शाचं झाकण सारायला ती उठली, परत आली, तेव्हा कडेची पूर्ण ओळ उघडी होती. बारीक बारीक भोकं, सगळी एका मापाची.

ती तशीच आतल्या खोलीत गेली. सासूबाई छताकडे पाहत होत्या.

"एकदाच हो," नीवेस म्हणाली. तिला रडू आवरेना. "एकदाच मला माझ्या आईचं करू द्या. मग मी जन्मभर तुमचंच करीन."

तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला. त्या हाताने तिचा हात घट्ट धरला. पाचही बोटं ऊबदार होती, भरलेली, करंगळीसुद्धा. नीवेसने खाली पाहिलं नाही. हळूच हात सोडवून घेऊन ती स्वयंपाकघरात परतली.

निदान ही ओळ तरी मिटावी म्हणून तिने पहिला उचलला आणि आधी सकाळसारखी त्यात करंगळी घालून पाहिली.

ती अलगद आरपार गेली.