रविवारी न वाजलेली घंटी

मी जपानमधल्या शिकोकू बेटाच्या डोंगरातली, टोफूच्या दुकानाची एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो. दिसायला एवढीशी. माझ्यासारख्या लहान गाड्यांना तेव्हा कारखान्यातच एक घंटी बसवून देत. काटा ऐंशीच्या पुढे गेला की ती किणकिणू लागायची आणि वेग उतरेपर्यंत गप्प बसायची नाही.

माझे मालक तात्सुझो मला तिथवर कधी नेतच नसत. टोफू नाजूक, जरा हिसका बसला की कोपरे तुटायचे. शिवाय स्वभाव काटकसरी. टाकी पाव भागाहून जास्त भरायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

"पोट भरलं की गाडी जड होते, आणि जड गाडी पेट्रोल जास्त पिते," ते पंपावर सांगायचे.

"मग उद्यापासून तुम्हीही अर्धपोटी जेवा," त्यांच्या पत्नी किनुएबाई म्हणायच्या. "तुमचं वजनही तीच ओढते ना?"

पंपावरची माणसं हसायची. थोडक्या पेट्रोलात घाट ओलांडणारी गाडी म्हणून माझं गावात कौतुक होतं आणि मीही त्यावर फुशारले होते.

मग तो रविवार आला. तेलटंचाईचे दिवस होते, रविवारी सगळे पंप बंद असायचे. सकाळीच किनुएबाईंच्या माहेराहून फोन आला. घाटापलीकडे, समुद्रकाठच्या त्या गावात त्यांच्या आईचं काही खरं नव्हतं. आई लेकीचं नाव घेत होती. बाईंनी ताज्या टोफूचा डबा पायाशी ठेवला आणि आम्ही निघालो. टाकी नेहमीसारखीच, पाव. सावकाश गेलो असतो तर तेवढं पुरलं असतं.

पण नदीकाठच्या सरळ रस्त्यावर तात्सुझोंचा पाय दबत गेला. काटा ऐंशीला टेकत आला तेव्हा बाई डबा सारखा करायला वाकल्या आणि त्यांनी आपला निळा रुमाल डॅशबोर्डखालच्या घंटीत कोंबला. तात्सुझोंची नजर रस्त्यावर होती. मी मात्र पाहिलं. ओरडावंसं वाटत होतं, पण घंटीखेरीज मला आवाजच नव्हता.

घाटाच्या चढावर माझं पेट्रोल संपलं. लाकडं नेणाऱ्या एका ट्रकवाल्यानं दोघांना पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी तात्सुझो पेट्रोलचा डबा घेऊन एकटेच परतले. अंगावर काळे कपडे होते. टोफूचा डबा तसाच भरलेला होता. आईची भेट झाली नव्हती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मधेच थांबले ती मी, मित्रांनो. ती बोच अजून गेलेली नाही.

त्यानंतर तात्सुझो दर शनिवारी माझी टाकी काठोकाठ भरू लागले. किनुएबाई पुन्हा कधी माझ्यात बसल्या नाहीत. कुठेही जायचं तर बसनं जायच्या. घरातली थट्टा संपली. दोघं कामापुरतं बोलायची. मला सगळं ठाऊक होतं आणि मी अंगणात मुकी उभी.

वर्षं गेली, दुकान बंद झालं. मला मोडीत द्यायचं ठरलं. आठवण म्हणून घंटी काढून ठेवावी, असं तात्सुझोंच्या मनात आलं. त्यांनी आत हात घातला, तर रुमाल हाताला लागला.

"किनुए, हा तुझा ना?"

बाई एप्रनला हात पुसत राहिल्या. "मीच कोंबला होता. म्हटलं, वाजली तर तुम्ही वेग कमी कराल. मीच घाई केली आणि आईला अंतरले."

तात्सुझो खाली पायरीवर बसले. "मला वाटायचं, ती वाजत होती आणि मलाच ऐकू आली नाही. म्हणून तू माझ्या शेजारी बसत नाहीस."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून बोलत नाही."

तात्सुझो रुमालाची घडी घालत म्हणाले, "टाकी भरलेली आहे. आईच्या समाधीवर जाऊन येऊ."

"टोफू करायला वेळ लागेल."

"लागू दे. आता कसली घाई?"

मित्रांनो, तुमच्या गाडीचा वेग आवरा, टाकीकडे लक्ष ठेवा, तिची घंटी गप्प करू नका. आणि शेजारी बसलेल्या माणसाशी वेळेवर बोला, कारण आम्हा गाड्यांना सगळं दिसतं, पण सांगता येत नाही. मला मोडीत नेणारा माणूस उद्या येणार आहे. आज मात्र किनुएबाई पुढच्या सीटवर बसल्या आहेत, डबा मांडीवर आहे आणि काटा चाळीसवर आहे.