ताईच्या मुठीतला दोर

मालक, तिचा हात तुम्ही वाकडा केलात. मेण सांडलं तो अपघात होता. त्यानंतर जे झालं ते तुमचं काम, आणि ते मी आज या मुलांसमोर सांगणार आहे.

मित्रांनो, मी एक जुना ताणतंतू आहे. अश्लेषाताईच्या उजव्या तळहातातल्या एका पेशीत राहतो. तुम्हाला मी नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण माझे भाऊबंद तुमच्याही अंगात आहेत. अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक कण एकामागे एक जुळतात, त्यांचे धागे होतात, आणि धाग्यांची मोळी बांधली की माझ्यासारखा दोर तयार होतो. मधेमधे मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन बसलेलं असतं. ते धागे एकमेकांवरून ओढतं, की मी आखडतो. माझी टोकं पेशीच्या कडेला घट्ट रुतलेली, आणि तिथून त्यांनी बाहेरचं चिवट जाळं धरलेलं. जुना म्हटलं तरी माझ्यातले कण सारखे बदलत असतात. कारखान्यातली माणसं बदलतात, कारखाना तोच, तसं.

मी ताणाचं लेकरू. पेशी मऊ जागी असली, ओढायला काही मिळालं नाही, तर मी धड जन्मतच नाही. ओढ वाढली की मी जाड होतो. ओढ थांबली की विरघळतो, आणि त्याचं मला दुःख नसतं.

माझा जन्म भैरवगढ़चा. ताई माधव नगरातून तिथल्या बाटिकच्या कारखान्यात जायची. कापड पसरायचं, तळहात सपाट फिरवून सुरकुती न् सुरकुती काढायची, मग कलमाने गरम मेणाची नक्षी. सुरकुती राहिली की रंग मेणाखाली शिरतो. ताईच्या हाताखालून गेलेल्या कापडात तो कधी शिरला नाही. दिवाळीच्या आधी मेणाची कढई कलंडली आणि तोच तळहात भाजला. पेशी धावून आल्या, जखमेच्या कडा धरून ओढू लागल्या. त्या ओढीत मी झालो. जखम मिटते ती आमच्या जोरावर, एवढी तारीफ मी हक्काने मागतो.

डॉक्टरांनी बोटं सरळ राहतील अशी फळी बांधून दिली. बरोबर केलं. आम्हाला लगाम नसेल तर वाट मिळेल तिकडे आम्ही ओढतो. कातडी कुठली, बोट कुठलं, आम्हाला कळत नाही.

मालक ती फळी बघून हसले. "अरे मैडम, ये खोलो. कलम हाथ में रखके ऊपर से पट्टी बाँध लो. घाव भी भरेगा, काम भी चलेगा. हमारे यहाँ सब ऐसे ही करते हैं."

घरी थोरल्या बहिणीने, उषाअक्काने विचारलं, "फळी कुठाय गं?"

"राहिली तिकडेच. मूठ बंद असली की दुखत नाही, अक्का. सच में."

"दुखत नाही म्हणजे बरं होतंय, हे तुझ्या सेठने शिकवलं का? त्याला म्हणावं, आधी स्वतःचा हात बांधून बस."

ताई हसली. सकाळी तिने पुन्हा कलम बांधून घेतलं.

मूठ बंद, तर आम्ही बंद मुठीलाच मिटवत गेलो. रोज कलमाचा दाब, रोज नवी ओढ. मी फुगलो, भोवती नवं जाळं विणलं गेलं आणि आखडलं तसंच घट्ट झालं. शेवटी पट्टी सुटली, कलम निघालं, पण बोटं कलमाभोवतीच राहिली.

तेव्हापासून मला सूड हवाय. पण माझा दोर मालकांच्या मानेपर्यंत पोचत नाही. मी चिडून ओढलं की ताईचीच बोटं वाकतात. हुकूम त्यांचा, जोर माझा, हात तिचा.

परवा कारखाना बघायला पाहुणे आले. मालकांनी ताईला पुढे केलं. "ये हमारी सबसे पुरानी कारीगर. दिखाओ मैडम, कपड़ा कैसे जमाते हैं."

ताईने हात लपवला नाही. कापडावर मूठ ठेवली आणि दाबली. त्या दिवशी मी मुद्दाम, सगळा जीव लावून ओढून धरलं. मुठीपुढे सुरकुत्यांची रांग उठली.

एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "इनका हाथ ऐसा क्यों है?"

"बचपन से है," मालक म्हणाले.

ताईने मेणाच्या कढईशेजारचं कलम उचललं आणि उजव्या बोटांच्या पोकळीत सरकवलं. कुलपात किल्ली बसावी तसं बसलं.

"बचपन में भी यही कलम थी क्या, सेठजी?"

मालक पाहुण्यांना घेऊन पुढच्या टेबलाकडे वळले.

मित्रांनो, भाजलेला हात बांधायचा तर सरळ बांधा, आणि त्याला कामाला जुंपू नका. डॉक्टर म्हणतात, कापून मोकळं केलं तर ताईची बोटं कदाचित उघडतील. मग मी कापला जाईन. कापा. तिचा तळहात पुन्हा कापडावर सपाट फिरणार असेल तर माझी ना नाही.

पण त्याआधी, मालक, तिच्या प्रश्नाचं उत्तर हवं. त्याच कापडापुढे, त्याच लोकांसमोर. आणि माझ्या प्रश्नाचंही: हे कलम तिच्या हातात बांधायला कोणी सांगितलं? बोला.